मास्तर आणि बारा गुण्ये

मास्तरांबद्दल लिहायचं तर चांगलं लिहा, असं बायकोने बजावलं आहे. तिला ते आवडायचे. मला आवडायचे की नाही हे इतक्या वर्षांत ठरलेलं नाही, आणि आता ठरवायचा उत्साहही उरलेला नाही. माझी तक्रार मात्र जिथे होती तिथेच आहे. ती एवढीच, की या गृहस्थांनी सिल्वासातल्या प्रत्येकाला तोंडावर खरं सांगितलं, कुणी विचारलं नसताना सांगितलं, आणि ज्या एका वेळी मला त्याची गरज होती त्या वेळी माझ्यासमोर तोंड मिटून उभे राहिले.

मास्तर सरकारी शाळेत सुतारकाम शिकवायचे. मूळचे सावंतवाडीकडचे. नोकरीपायी इकडे आले, टोकरखाड्यात क्वार्टर मिळालं आणि तिथेच राहिले. त्यांची बायको गावी, म्हाताऱ्या सासूच्या आजारपणाला बांधलेली. अंगाने काटकुळे, वर पांढरा हाफशर्ट, खाली ढगळ पँट. ढगळ अशासाठी, की डाव्या पायाला आतून शिंप्याकडून एक लांब खिसा शिवून घेतलेला असायचा आणि त्यात सहा इंची गुण्या. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. एक जाड दांडा, त्यात आडवं बसवलेलं पोलादी पातं. असलं काही मांडीला लावून माणूस चालला की पाय ताठच पडणार. नव्या माणसाला वाटायचं, मास्तर लंगडतात. आमलीतल्या एका डॉक्टरने त्यांना रस्त्यात थांबवून पायाचा फोटो काढायचा सल्ला दिला होता. मास्तरांनी तिथेच खिशात कोपरापर्यंत हात घातला, गुण्या काढला, दवाखान्याच्या पाटीला लावला आणि म्हणाले, "पाय ठीक आहे माझा. तुमची पाटी काटकोनात नाही."

डॉक्टरने पाटी बदलली म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

आमलीच्या रस्त्यावर एक हार्डवेअरचं दुकान होतं. मालक गुजराती, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. दर रविवारी सकाळी मास्तर तिथे हजर. काखेत हातभर लांबीची फळी, तिची एक कड रंध्याने सरळ केलेली, आणि शर्टाच्या खिशात धार लावलेली छोटी सुरी. गुण्यांचा नवा माल आला असेल तर ते स्टूल ओढून बसायचे आणि एकेक गुण्या तपासायचे. दांडा फळीच्या कडेला टेकवायचा, पात्याच्या कडेने सुरीने रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून, तोंड दुसऱ्या दिशेला, त्याच जागेपासून पुन्हा एक रेघ. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एकच रेघ दिसते. खोटा असेल तर त्या फाकतात, आणि शेवटाला जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्या गुण्याची चूक.

"सुरी कशाला, पेन्सिल घ्या की," मी एकदा म्हणालो.

"पेन्सिलीची रेघ जाड. जाड रेघेत चूक लपून बसते."

डझनातले दोन-तीन पास व्हायचे. जे नापास, त्यांच्या दांड्याला पोटाकडून मास्तर पेन्सिलीचं बारीकसं टिंब देत. पातं बाहेर झुकलं असेल तर एक, आत झुकलं असेल तर दोन. ते टिंब शेठसाठी असायचं, म्हणजे तो माल परत पाठवायचा. मला या टिंबांची गोष्ट फार उशिरा कळली.

शेठ वैतागायचे. "मास्तर, आ मारी दुकान छे, कोर्ट नथी!"

"मग आरोपी कशाला भरून ठेवता?" मास्तर मान वर न करता म्हणायचे.

शेठ शिव्या देत आणि चहा मागवत. कारण मास्तरांनी पास केलेला गुण्या घ्यायला वापीपासून माणसं यायची.

मी साक्रीकडचा. गावाकडून आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडून काही नव्हतं. अथालच्या एका वखारीत ओंडके उचलले, मग एका मिस्त्रीच्या हाताखाली रंधा मारला, मग आमलीत पत्र्याचं शेड भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, टेबलं, कपाटं, दारं-खिडक्या सगळ्यांना हव्या होत्या. मला शिक्षण नव्हतं, भांडवल नव्हतं. तोंड होतं. सांगितलेल्या किमतीला मी आयुष्यात वस्तू घेतलेली नाही. समोरच्याचा आवाज चढला की माझा त्याच्यावर एक पट्टी चढायचा, आणि बहुतेक वेळा त्यातच काम होऊन जायचं. त्यामुळे आवाज खाली आणायची सवय लागलीच नाही.

मास्तरांची ओळख त्या दुकानातच झाली. मी एक चकचकीत गुण्या उचलला होता, आरशासारखा. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"किती वर्षं सुतारकामात?"

"चार."

"आणि गुण्या चकाकी बघून घेतोस? बायको पण अशीच केलीस?"

दुकानातली माणसं हसली. मला राग आला, पण मास्तरांनी तोवर दोन रेघा मारल्या होत्या आणि त्या बेडकाच्या पायासारख्या फाकल्या होत्या. मी लगेच शेठकडे वळलो. "बघा शेठ, माल खोटा आहे. निम्म्यात द्या."

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या मूर्तीचा भाव करतोय. "अरे, खोटा गुण्या निम्म्यात घेऊन करणार काय? निम्मं टेबल?"

मग त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. दांडा लाकडी असेल तर इकडच्या दमट हवेत फुगतो, त्याला पितळी पट्टी आहे का बघ. दांडा आणि पातं जिथे जोडलंय ते कानाशी धरून हलव, कुरकुर आली तर ठेवून दे. पात्याची आतली कड तपास आणि बाहेरचीही तपास, एक खरी म्हणून दुसरी खरी असेलच असं नाही. पात्यावरच्या इंचाच्या आकड्यांवर जाऊ नकोस, मापाला पट्टी वेगळी ठेव. मोठ्या कामाला मोठा गुण्या घे, कारण लहान गुण्यावर केसाएवढी चूक असते ती चार फुटांवर जाऊन बोटाएवढी होते. आणि ज्या फळीवर तपासतोस तिची कड आधी तपास, नाहीतर निरपराध गुण्याला फाशी देशील.

त्या दिवशी मी घेतला तो गुण्या दिसायला दळभद्री होता. दांड्याचा रंग उडालेला. पण दोन रेघांची एक रेघ करणारा. रंग उडाल्याबद्दल मी शेठकडून सूट घेतलीच. मास्तर म्हणाले, "तू सुधारणार नाहीस," आणि पहिल्यांदा हसले.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ. शाळेच्या वर्कशॉपमध्ये कुणाच्या हातून गुण्या खाली पडला, तर सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. तो तपासून होईपर्यंत करवत चालवायची नाही. कंगवा आणि गुण्या उसना द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता, आणि त्यांचा स्वतःचा गुण्या तर हेडमास्तरांनी मागितला तरी दिला नव्हता. "चष्मा मागा, देतो," म्हणाले होते.

टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये एकाकडे सत्यनारायण होता. चौरंगाला केळीचे खांब बांधलेले, भटजींनी संकल्प सांगायला सुरुवात केलेली, आणि मास्तर पुढच्या रांगेत चुळबुळ करतायत. शेवटी ते उठले. "गुरुजी, एक मिनिट. चौरंग वाकडा आहे."

"असू दे हो, देवाला चालतो," भटजी म्हणाले.

"देवाला चालेल. मला कथा ऐकू येत नाहीये."

त्यांनी खरोखर चौरंगाच्या एका पायाखाली पोस्टकार्डाची घडी सारली, गुण्या लावून बघितला, आणि मग हात जोडून शेवटपर्यंत कथा ऐकली. यजमानीण आठवडाभर कुणाशी बोलत नव्हती.

आमच्या घरी ते महिन्यातून एकदा जेवायला यायचे. बायको खानदेशी शेवभाजी करायची. मास्तरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, कान लाल व्हायचे, आणि ते म्हणायचे, "वहिनी, तिखट आहे. पण प्रमाणात आहे." तिला हे शब्द फार आवडायचे. मला कधी कुणी प्रमाणात म्हटलं नाही.

आता जे बिघडलं ते.

एका कारखान्याचा मॅनेजर माझ्या शेडमध्ये आला होता, ऑफिसभराच्या टेबलांचं काम घेऊन. मी त्याला सागवान दाखवत होतो, चहा दाखवत होतो, माझ्या कारागिरांचे हात दाखवत होतो. तेवढ्यात मास्तर शाळा सुटल्यावर आले. आले तसे सरळ एका कारागिराच्या बाकाकडे गेले, त्याचा गुण्या उचलला, दोन रेघा मारल्या आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा पडलाय कधीतरी. याने केलेलं सगळं परत बघून घे रे."

मॅनेजरने चहा खाली ठेवला. "मी विचार करून कळवतो," म्हणाला. त्याने काही कळवलं नाही.

तो गेल्यावर मी मास्तरांवर जो सुटलो तो मला आजही ऐकू येतो. सगळे कारागीर उभे होते. "मास्तर, तुमची शाळा पाच वाजता सुटली. ही माझी भाकरी आहे. तुम्हाला पगार मिळतो, गुण्या खरा असो की खोटा. मला नाही मिळत. यापुढे माझ्या शेडमध्ये तोंड उघडायचं नाही. माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. कबूल?"

मास्तरांनी गुण्या बाकावर ठेवला. त्याच्यावरचा भुसा फुंकला. "कबूल. तुमच्या कामाबद्दल एक शब्द बोलणार नाही."

त्यांनी मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. बायकोच्या आलं, पुढे महिन्याभराने. "मास्तर तुम्हाला अहो-जाहो का करायला लागले?" तिने विचारलं. मी म्हटलं, धंदा वाढला माझा, म्हणून.

ते यायचे बंद झाले नाहीत, हेच तर विचित्र. दर गुरुवारी यायचे, स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे आणि चकार शब्द न बोलता जायचे. शेडच्या बाहेर भेटले तर बोलायचे, पण हवा, वापीची बस, गावचे आंबे. लाकूड नाही. कारागिरांना गंमत वाटायची. मला वाटायचं, बरं झालं, ताळ्यावर आले.

पुढल्या वर्षी मला टोकरखाड्यातल्या एका नव्या कॉलनीचं काम मिळालं. दोन इमारती. पहिल्या इमारतीच्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा मी करायच्या आणि काम पसंत पडलं तर दुसरी इमारत दारं-खिडक्यांसकट माझी. चौकटी गवंड्याने आधीच भिंतीत बसवल्या होत्या, मला फक्त त्यांत बसतील अशा झडपा करून न्यायच्या होत्या. हे काम झालं की मी टेबल-खुर्चीवाला राहणार नव्हतो. बांधकामवाले माझ्या दारात आले असते. मी नवे कारागीर ठेवले. प्रत्येकाकडे आपापला जुना गुण्या, एकाचा एकाशी जुळेना. म्हटलं, सगळ्यांना सारखे नवे घेऊ.

दुकानात मी मुद्दाम मंगळवारी गेलो. रविवारी मास्तर असतात. खालच्या फळीवर वर्तमानपत्रात बांधलेला बारा गुण्यांचा गठ्ठा होता, दहा इंची, लोखंडी दांड्याचे.

"ए तो पाछो मोकलवानो माल छे," शेठ म्हणाले. परत पाठवायचा माल आहे.

मी तीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. मला वाटलं, हा भाव चढवतोय. दुकानदार 'हा विकायचा नाही' म्हणतो तेव्हा तो चांगला माल असतो, हे मी वखारीत शिकलो होतो. मी गठ्ठा सोडला. प्रत्येक दांड्याला पोटाकडून पेन्सिलीचं एक टिंब. मी बोट ठेवलं. "शेठ, हे बघा, खुणा आहेत. वापरलेला माल आहे. असा कसा नव्याचा भाव लावता?"

शेठ माझ्याकडे बघत राहिले. "तने समजातुं नथी, भाई," म्हणाले. मी आवाज चढवला. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, सकाळची वेळ होती. शेवटी त्यांनी हात झटकले. "लई जा. पछी मारी पासे आवतो नहीं." घेऊन जा, मग माझ्याकडे येऊ नकोस.

ज्या टिंबाने मला थांबवायचं, त्या टिंबाच्या नावाने मी सूट घेऊन आलो. असा व्यवहार सिल्वासात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

तपासले नाहीत असं नाही. शेडमध्ये आणून बाराही एकावर एक ठेवून बघितले. कडा अशा जुळल्या, की बारांचा एकच जाड गुण्या वाटावा. मला त्यात सगळं आलं. बारा जण एकाच साच्यातून एकच चूक घेऊन निघाले असतील तर ते एकमेकांशी जुळणारच, हे डोक्यात आलं नाही. दोन रेघा मारायला एक मिनिट लागतं. मारल्या नाहीत. मारायला लागलो असतो तर मास्तर आठवले असते.

भास्कर मिस्त्री माझ्याकडे सगळ्यात जुना, माझ्याच तालुक्यातला. तो म्हणाला, "भाऊ, झडपेचे कर्ण तर मोजू ना?" झडप जोडून झाली की दोन्ही तिरप्या कोपऱ्यांची मापं घेतात. सारखी आली तर झडप काटकोनात. त्याला दोन माणसं लागतात, वेळ जातो.

"नवे कोरे बारा गुण्ये काय पूजेला आणलेत?" मी ओरडलो. "कर्ण मोजत बसलास तर दिवाळी इथेच होईल."

त्याने मापाची फीत खिशात घातली.

त्या गुरुवारी मास्तर आले. स्टुलाकडे जाता जाता एका बाकापाशी थांबले. गुण्या उचलला, उलटा केला, दांड्याच्या पोटावरचं टिंब बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम बघत होतो, काही बोलतात का. त्यांचे ओठ हलले. गुण्या ठेवला. चहा अर्धा टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पुन्हा आले. मी टेबलाशी होतो. त्यांनी डाव्या खिशात हात घातला, आपला गुण्या काढला, गुंडाळलेल्या मऊ फडक्यासकट माझ्यासमोर ठेवला आणि वळून चालायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच सरळ चालताना बघितलं. दोन्ही पाय सारखे पडत होते. एखादा भलताच माणूस जातोय असं वाटलं.

मला काय वाटावं? मला वाटलं, मास्तरांनी माफी मागितली. हेडमास्तरांना न दिलेलं हत्यार माझ्या टेबलावर ठेवलं म्हणजे आणखी काय? माझा ऊर भरून आला. कुणाचा हात लागू नये म्हणून मी तो गुण्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. घरी बायकोला सांगितलं.

"त्यांनी दिला कशाला पण?" ती म्हणाली.

"एकेकाची पद्धत असते."

"विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात!"

झडपा बसवायच्या दिवशी सकाळी मी स्वतः कॉलनीवर गेलो. पहिली झडप चौकटीत लावली. वरचा कोपरा बसला, खालचा बसेना. खालचा दाबला तर वरचा सुटला. एक सूत, सव्वा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ऐकायला काही नाही, पण बंद खिडकीतून उजेड दिसायला पुरे. दुसरी लावली, तशीच. दुसऱ्या मजल्यावरची लावली, तशीच. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, शिस्तीत. अडतं तिथे रंधा मारून लाकूड काढता येतं. जिथे फट आहे तिथे लाकूड घालता येत नाही.

बिल्डरचा इंजिनियर पोरगेलासा होता. त्याने फटीत करंगळी घातली आणि ती हलवून दाखवली. "का हो, हे हवेसाठी ठेवलंय का?"

कारागीर हसू दाबत होते. माझे स्वतःचे कारागीर.

झडपा सगळ्या परत आणल्या, पुन्हा केल्या. दुसरी इमारत वापीच्या माणसाला गेली, आणि तिच्या मागून आणखी कॉलन्याही त्यालाच गेल्या. मी टेबल-खुर्चीवाला राहिलो तो राहिलोच.

त्या दिवशी शेडवर येऊन मी कपाट उघडलं. मास्तरांच्या गुण्याने फळीवर एक रेघ मारली, मग तिच्यावर माझा नवा गुण्या लावला. पातं रेघेपासून लांब गेलं. बाराही लावले. बाराही तेवढेच लांब. भास्कर मागे उभा होता.

"मले चौथ्या झडपेलेच समजलं व्हतं भाऊ," तो म्हणाला. "एक डाव गुपचूप कर्ण मोजला."

"आणि बोलला नाहीस?"

तो माझ्या हाताकडे बघत होता. हातात गुण्या होता, दहा इंची, लोखंडी दांड्याचा. मी तो बाकावर ठेवला.

मी तसाच टोकरखाड्याला गेलो. मास्तर स्टोव्हवर पेज करत होते. मी त्यांचा गुण्या चटईवर आपटणार होतो, पण आपटला नाही, ठेवला. बाकी सगळं आपटलं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही माझा शब्द घेतला होता."

"तो राग होता मास्तर! रागात माणूस काहीही बोलतो!"

"तुम्ही रागात होतात. मी नव्हतो. मी कबूल म्हटलं तेव्हा शांत होतो." त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "म्हणून गुण्या ठेवला. वाटलं, दोन रेघा माराल."

"मी तो कपाटात ठेवला! कुलपात!"

"कुलपात?" मास्तर मटकन बसले. त्यांना खरंच धक्का बसला होता. गुण्या कुलपात ठेवणारा माणूस त्यांनी कल्पनेतही धरला नव्हता.

"आणि शेडमध्ये नाही तर नाही," मी म्हणालो, "रस्त्यात सांगता आलं असतं. मला इथे बोलावून सांगता आलं असतं. शब्द मोडला असता एकदा, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

त्यांनी पेज ढवळली. मग म्हणाले, "आलो होतो मोडायला. शनिवारी. तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. आतून तुमचा आवाज येत होता, कुणावर तरी. तिथून परत गेलो."

मी म्हटलं, हे काही कारण नाही. आजही म्हणतो. माणूस मोठा होता, सरकारी नोकर होता, माझं काय खात होता? यायचं, दोन शिव्या ऐकायच्या आणि सांगायचं. शेठ ऐकतच होते की माझ्या शिव्या. पण त्यांना मी ऐकवलं ते त्या दिवशी शेवटचं. तेव्हापासून मास्तर रस्त्यात दिसले की नमस्कार करायचे, मी करायचो. घरी जेवायला यायचे, कारण बायको बोलवायची. "प्रमाणात आहे वहिनी," म्हणायचे. मला तुम्हीच म्हणायचे. अशी आठ-नऊ वर्षं गेली. माझं शेड चालत राहिलं, फार वर नाही, फार खाली नाही. गुण्ये मी तपासून घेतो. कर्ण मोजतो. कारागीर आपणहून येऊन काही सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि काय विचारायचं ते मलाच ठाऊक असावं लागतं. थकायला होतं या प्रकाराने.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा बायको म्हणाली, सामान न्यायला पेट्या तुम्ही करून द्या. मी तीन पेट्या केल्या, एका बैठकीत, स्वतःच्या हाताने. हत्यारांना, पुस्तकांना आणि भांड्यांना. दोन चांगल्या झाल्या. तिसरी ठोकताना ओढली गेली. झाकण ठेवलं की एक कोपरा उचललेला. डोळ्याला दिसत होतं, गुण्याची गरजच नव्हती. मी ती सोडवून पुन्हा ठोकू शकलो असतो, खिळे चार काढायचे होते. नाही काढले. तशीच टेम्पोत चढवली.

वाटेत मी ठरवलं होतं. ते म्हणतील, ही वाकडी आहे. माझ्या तोंडावर, टेम्पोवाल्यासमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणतील. आणि मी म्हणणार, "बरोबर आहे मास्तर. चुकलं माझं." वाक्य पाठ केलं होतं. असलं वाक्य मी त्यापूर्वी कुणाला म्हटलेलं नव्हतं.

क्वार्टरच्या अंगणात पेट्या उतरवल्या. मास्तरांनी पहिलीवरून हात फिरवला. दुसरीवरून फिरवला. तिसरीपाशी थांबले. झाकणाच्या उचललेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून दाबला. कोपरा खाली गेला, समोरचा वर आला. अंगठा काढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो. हात मोकळे सोडून उभा होतो, चेहरा जमेल तेवढा नरम करून. आता तो कसा दिसत असेल, देव जाणे.

"छान झाल्यात पेट्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही उगाच त्रास घेतलात."

टेम्पोवाला हॉर्न मारत होता. बायको आत त्यांच्या डब्यात चटणी भरत होती. माझं वाक्य तोंडातच राहिलं. मास्तर खाली वाकले, दोरी घेतली, आणि त्या तिसऱ्या पेटीला आपल्या हाताने दोन वेढे जास्त घातले.